शिरूरच्या होम सिग्नलला उभी गाडी

प्रिय आप्पा,

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. पुढच्या खोलीतली कॉट बाहेर काढायची, सतरंज्या शेजारून आणायच्या, खीर किती करायची, सगळं आईनं ठरवून ठेवलंय. न्हावऱ्याहून बौद्धाचार्य येणार आहेत. त्यांना आईनं परस्पर सांगूनही टाकलं, "वंदना आमची सुजाताच घेईल. तिचा उच्चार ह्यांनीच बसवलाय."

मी "बरं" म्हणाले. तेव्हापासून माझे हात गार आहेत.

पंचशीलातली चौथी ओळ मी वर्षभर म्हटलेली नाही, आप्पा. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. तुमच्या जलदानाच्या दिवशीसुद्धा त्या ओळीला मी नुसते ओठ हलवले. बुद्धपौर्णिमेला विहारात पुन्हा तेच. एवढ्या माणसांच्या आवाजात एका मुलीचा आवाज एका ओळीपुरता गेला, तर कुणाला कळतंय? पण रविवारी आधी मी म्हणायचं आणि मग बाकीच्यांनी. मी चौथ्या ओळीला थांबले, तर सगळी खोली थांबेल. आणि समोर तुमचा फोटो!

म्हणून हे पत्र. जे तोंडावर सांगायला हवं होतं, ते कागदावर सांगतेय. दुपारचे दोन वाजलेत. लाईट गेलीय, चारला येईल. तुमच्याच टेबलावर बसलेय. शेजारी तुमचा कॉम्प्युटर आहे, त्यावर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. लाईट आल्यावर काय करायचं ते मी ठरवलंय, पण ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर धीर सुटेल.

तुम्हाला आठवतं, मी शाळेत गेले ती एकदम तिसरीतच? दम्यामुळं माझी पहिली-दुसरी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्येच झाली. तुम्ही केबिनमध्ये लिव्हरमन, सिग्नल आणि रुळांचे सांधे ओढणारे. ड्यूटीवरून आलात की हाताचं ग्रीस राखेनं घासून काढायचं आणि पाटी घ्यायची. मुळाक्षरांच्या आधी मला हिरवा आणि लाल कळत होता. वंदनाही तुम्हीच शिकवलीत, एकेक ओळ, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि तो नंबर! केबिनमध्ये फोनवर निरोप आला की तो परत म्हणून दाखवायचा, पलीकडच्यानं नंबर द्यायचा, आपण आपला द्यायचा, दोन्ही वहीत लिहायचे, मगच लिव्हरला हात लावायचा. "एकदा ऐकलं की पुरे ना?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ऐकलं म्हंजी ऐकलं, सुजे. नंबर दिला म्हंजी मी जबाबदार हाय असं सांगितलं. दोन्हीत फरक हाय."

मग माझा अभ्यासही तसाच. गणित मी मोठ्यानं परत म्हणायचं, तुम्ही नंबर द्यायचा, मी द्यायचा, मग पेन्सिल टेकवायची. हसायचो आपण. पण आप्पा, मी आजही गॅसचा खटका दोनदा बघते आणि तिसऱ्यांदा परत येते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये खोक्यावरचं लेबल वाचून झालं तरी हात पुढं होत नाही. तुम्ही मला सवय लावलीत की भीती? हे विचारायचं राहूनच गेलं.

गणपतकाकांचंही आज लिहिते, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळायचं नाही. तुमचे सोबती, फोनच्या पलीकडच्या केबिनमधले. एकदा त्यांनी नंबर न घेता लिव्हर ओढला. झालं काही नाही, गाडी नीट गेली, पण चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी ते क्वार्टरवर आले. मी दाराआड होते, नऊ वर्षांची असेन.

"तू फकस्त वहीत लिव्ह, नंबर दिला व्हता म्हनून," ते म्हणत होते. "एक आकडा रे! मानसाच्या पोटाचा प्रश्न हाय."

तुम्ही हातातला चहाचा कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "मागनं दिलेला नंबर हा नंबर नसतो, गणपत. ते खोटं हाय. मला जमायचं न्हाई."

ते सस्पेंड झाले. परत आले तेव्हा तुमच्याशी कामापुरतं बोलायचे. त्यांच्या लग्नाकार्याचं बोलावणं आपल्याला कधी आलं नाही. तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत, पण त्या दिवशी तुमचा चहा तसाच गार झाला होता, हे मला आठवतंय.

रिटायर झाल्यावर आपण शिरूरला आलो. आईचं माहेर इथलं, घर इथं बांधलेलं. पण शिरूरला रेल्वे नाही! हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? पहिले दोन महिने तुम्ही सकाळी उठून एसटी स्टँडवर जाऊन बसायचात. आई म्हणायची, "कुठं जायाचंय का तुमाला?" तुम्ही म्हणायचात, "न्हाई, येतंय कोन ते बघतो."

मग तो कॉम्प्युटर आला. बाजारपेठेतला एक क्लास बंद पडत होता, त्यांचा जुना. आणला माझ्यासाठी, मी काहीतरी शिकावं म्हणून. त्यात विंडोज होतं, कॉपी केलेलं, जसं सगळ्यांकडं असायचं. ते कळल्यावर तुम्ही मला पुसायला लावलंत. किती भांडले मी! "आप्पा, सगळेच वापरतात!"

"न दिलेलं घेनार न्हाई, ही दुसरी वळ हाय. सगळे रोज म्हनत्यात ना?" तुम्ही म्हणालात. "का नुसती तोंडं हालवत्यात?"

नुसती तोंडं हलवतात, आप्पा. आता मला माहीत आहे कशी हलवायची ते.

एका मासिकाबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आली होती, फुकट आणि रीतसर. ती टाकली. आणि मग पुण्याला गेलात तेव्हा दुकानातून तुम्ही तो रेल्वेचा गेम घेऊन आलात, बिलासकट. रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे, गाड्या सोडायच्या. खोक्यावर लिहिलेलं, फक्त विंडोजसाठी. तुमचा चेहरा! खोका उलटसुलट करून म्हणालात, "आता?" मी हसले. मला हसायला नको होतं.

पण तुम्ही सोडलं नाहीत. मी एसटी स्टँडजवळच्या कॅफेतून इंग्रजी पानं छापून आणायची, तुम्ही डिक्शनरी घेऊन बसायचात. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा एक प्रोग्राम असतो, त्याचं नाव वाईन. दूध घालायला न्हावऱ्याहून येणारे किसनमामा दारातून ऐकत होते.

"आप्पा, रिटायर झाल्याव वाईन लागली व्हय? आन् घरात बुद्धाचा फोटू!"

"लागली न्हाई, लावलीय. ही प्यायची नसती, किसन. हिच्यावर रेल्वे चालती."

"मंग वाईच माझ्या राजदूतमदी बी वता. दोन दिस झालं, किका मारतोय नुस्ता."

आई आतून म्हणाली, "ह्या डब्यापायी मानूस जेवायचं इसरतंय, आन् तुम्ही आनिक हसा!"

गेम उघडला, पण चालेना. पडद्यावर चित्र दाखवणारं आपलं ग्राफिक्स कार्ड जुनं. आधीच कुणीतरी वापरून टाकलेलं. गाडी येत नव्हती, गाडीचे फोटो येत होते, एक, मग थांबून दुसरा. मी म्हणाले नवं कार्ड घेऊ. तुम्ही म्हणालात, "हाय त्याला काय झेपंल ते बघू आधी." त्या जुन्या कार्डाला बरोबर जुळणारा जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, शोधायला आपल्याला दीड महिना लागला. मग तुम्ही एकेक ओझं उतरवत गेलात. सावल्या काढल्या. धूर काढला. पाण्याची चमक काढली. शेवटी झाडंही काढली. एका दुपारी त्या उघड्याबोडक्या मुलखातून गाडी सलग, न अडखळता आली आणि तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात! खरी गाडी आल्यावर केबिनमध्ये राहायचात तसे.

प्रत्येक कमांड तुम्ही रजिस्टरमध्ये उतरवलीत, देवनागरीत, मोकळ्या जागेसाठी छोटा चौकोन काढून. मागच्या पानावर दोन रकाने आखलेत, एक तुमचा, एक माझा, दोन्हीत उलटसुलट आकडे. कमांड टाइप करायची, मोठ्यानं वाचायची, एकानं नंबर द्यायचा, दुसऱ्यानं द्यायचा, दोन्ही खोडायचे, मगच एंटर. एकट्यानं एंटर दाबायचं नाही. आणि पहिल्या पानावर लाल पेनानं मोठं लिहिलंत: अपडेट करू नये. कार्ड जुने आहे. नवा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही.

ते पान मी किती वेळा पाहिलं असेल, आप्पा! किती वेळा!

त्या गेममध्ये तुम्ही दौंड उभं केलंत, खुटबाव उभं केलंत. आणि मग एक नवीन लाईन टाकायला घेतलीत, दौंडहून न्हावऱ्यावरून शिरूरपर्यंत. पूल, वळणं, सिग्नल, सगळं. किसनमामा रोज दुधाचं माप ठेवून विचारायचे, "आली का आमच्या न्हावऱ्याला?" तुमचा नियम एकच होता. गाडी स्टेशनाबाहेर उभी ठेवून उठायचं नाही. जेवण गार झालं तरी चालेल. "आत मानसं बसल्यात," तुम्ही म्हणायचात. "त्यांना ठावं नसतं आपन का थांबलोय."

पहिली गाडी शिरूरला पोचायची होती त्या दिवशी तुमच्या छातीत कळ आली. मी स्वयंपाकघरात होते. खुर्चीचा आवाज आला. मी आले तर तुम्ही एका हातानं टेबल धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं गेम सेव्ह करत होतात. पुण्याला नेताना जीपमध्ये दोनदा म्हणालात, "गाडी होमला हाय." मला वाटलं बरळताय. नंतर कळलं, शिरूर स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला तुमची गाडी उभी होती.

आता ते लिहायचं आहे, ज्यासाठी बसले.

तुम्ही दवाखान्यात असताना बुधवारी दुपारी मी कपडे न्यायला घरी आले होते. एकटीच. कॉम्प्युटर लावला. का लावला? तुमची गाडी आहे ना, एवढंच बघायचं होतं. कोपऱ्यात सूचना आली, अपडेट आलेत, सुरक्षेसाठी घ्यावेत. मला अशी सूचना तशीच ठेवता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. त्या दिवसांत तर सगळंच माझ्यामुळं राहतंय असं वाटत होतं. मी "हो" दाबलं. परत वाचलं नाही. पहिलं पान उघडलं नाही. नंबर घेतला नाही. तुम्ही नव्हतातच नंबर द्यायला.

मशीन परत चालू झालं तेव्हा चित्र नव्हतं. काळा पडदा आणि वर पांढरी अक्षरं. मी तीनदा बंद-चालू केलं. मग कव्हर घातलं आणि तुमचे कपडे घेऊन पुण्याला गेले.

नवव्या दिवशी तुम्हाला घरी सोडलं. दुसऱ्या सकाळी तुम्ही म्हणालात, "सुजे, धा मिंटं बसतो गं. गाडी तेवढी आत घेतो."

आणि मी म्हणाले, "आप्पा, कार्ड गेलं."

दोन शब्द. विचार करून नाही म्हटले. तोंडातून बाहेर पडले आणि मग मागं घेता आले नाहीत. "मी काही केलं नाही. लावलं तर बंदच होतं," हेही म्हणाले. मग ते दोनाचे दहा शब्द झाले.

"लाव तर," तुम्ही म्हणालात. तुम्हाला खुर्चीपर्यंत धरून आणलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तुम्ही पडद्याकडं बघितलंत. एकदा माझ्याकडं बघितलंत. मी पंख्याकडं बघत होते.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "वय झालं व्हतं त्याचं. ऱ्हाऊ दे. कुनाला किती दिस वढायचं?"

मग वही आणि पेन मागितलंत. मला वाटलं, कमांड बघताय. काहीतरी लिहिलंत, वही मिटून टेबलाच्या खणात ठेवायला सांगितलीत. त्यानंतर दोन दिवस तुम्ही गाडीचं नाव काढलं नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले, तर तुम्ही नव्हतात.

मी वर्षभर ज्याला भ्यायले ते हे, आप्पा. "वय झालं व्हतं त्याचं" हे तुम्ही कुणाबद्दल म्हणालात? मी एक धडधाकट वस्तू मेली म्हणून सांगितली आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत का? तपासणीचे कागद परत द्यायच्या निमित्तानं मी डॉक्टरांकडं गेले होते. विचारलं, मन खचलं तर हृदयावर होतं का? ते म्हणाले, "ताई, त्यांचं हृदय फार थकलं होतं. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका." मी जिना उतरेपर्यंत मला बरं वाटलं. रस्त्यावर आल्यावर वाटलं, त्यांना सगळं कुठं सांगितलंय मी!

आई आल्यागेल्याला सांगते, "पोरीनं लई केलं बापाचं." किसनमामा मान हलवतात. मला त्या वेळी दाराआड जावंसं वाटतं. आईला कळलं तर? ती नुसतंच बघेल. तुमच्यासारखंच.

मंगळवारी ती म्हणाली, "रविवारी ते टेबल लागंल. डबा चालत नसंल तर भंगारवाल्याला दिऊन टाकू का?"

मी जोरात "नको" म्हणाले. इतक्या जोरात की ती दचकली. म्हटलं, "आधी बघते दुरुस्त होतंय का." आणि वर्षानं तुमची वही काढली. कार्डाला जुना ड्रायव्हर परत कसा बसवायचा, ते त्यातच होतं. पानं उलटत गेले. शेवटची नोंद तुमच्या चांगल्या अक्षरातली नव्हती. ओळ खाली घसरत गेलेली.

त्या बुधवारची तारीख. अपडेट. सुजाता. नंबर ४७ दिला.

मागचं पान बघितलं. तुमच्या रकान्यातला सत्तेचाळीस खोडलेला होता.

मी खुर्चीत बसून राहिले. बुधवारी तुम्ही पुण्यात कॉटवर होतात, हाताला सलाईन लावलेलं. मी घरी एकटी फक्त बुधवारी आले होते, हे तुम्हाला माहीत होतं. आणि अपडेट? ते कसं कळलं? मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्याहून मोठा अंधार. कार्ड खरंच गेलं असतं, तर पडद्यावर अक्षरं तरी कुठून आली असती? काहीच दिसलं नसतं! ती पांढरी अक्षरं कार्डच दाखवत होतं. दीड महिना त्या कार्डाशी झगडलेल्या माणसाला मी काय सांगत होते! तुम्ही पडद्याकडं एकदा बघितलंत आणि तुम्हाला सगळं कळलं. मग माझ्याकडं बघितलंत.

म्हणजे मी तुम्हाला फसवलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही का? पण मला तेव्हापासून जास्तच भीती वाटतेय.

मागून दिलेला नंबर हा नंबर नसतो. ते खोटं असतं. तुमचेच शब्द. जे गणपतकाकांसाठी केलं नाहीत, दोस्ती गेली तरी केलं नाहीत, ते माझ्यासाठी केलंत? आयुष्यात एक खोटी नोंद, तीही जायच्या तीन दिवस आधी? का? ओरडायचं होतंत ना! "सुजे, खोटं बोलतीस व्हय?" एवढं एक वाक्य. मी रडले असते, सांगून टाकलं असतं, आणि तुमची चौथी ओळ तुमच्याकडं शाबूत राहिली असती.

की ती नोंद मला वाचवायला नव्हतीच? कधीतरी दुरुस्तीसाठी मी वही उघडीन आणि वाचीन, म्हणून होती? मला ठरवता येत नाही. तुम्ही नेहमी अर्धंच बोलायचात आणि उरलेलं आम्ही शोधायचं. हा एक राग माझ्याकडं राहू द्या.

या बुधवारी दुपारी, लाईट असताना, मी तुमच्या वहीतली प्रत्येक पायरी केली. एकेक कमांड मोठ्यानं वाचत. तुमच्या खणात जुनी सीडी होती, तिच्यावरून जुना ड्रायव्हर परत बसवला. मध्ये एकदा तुमच्या गेमचं फोल्डर दिसेचना! मग आठवलं, त्याच्या नावाआधी टिंब असतं म्हणून ते लपलेलं राहतं. होतं तिथंच. वर्षभर होतं. कार्डाचा पंखा मात्र आता घरघरतो, छाती भरल्यासारखा, आणि मध्येच एक श्वास चुकतो. तो चुकला की माझाही चुकतो.

गेम उघडला. झाडं नसलेला तो मुलूख. शिरूरचा होम सिग्नल लाल. सिग्नलबाहेर तुमची गाडी, पाच डबे, दिवे लागलेले. कोपऱ्यातलं घड्याळ तुम्ही उठलात त्या मिनिटाला थांबलेलं.

मी बघितलं आणि बंद केलं. गाडी आत घेतली नाही.

पंखा थांबून कार्ड जळेल, लाईट जाईल, मी चुकीचा सांधा ओढीन, हे सगळं होतंच. पण खरं सांगू? गाडी आत आली की तुमचं इथं काही उभं राहणार नाही. आतापर्यंत तुम्ही काहीतरी अर्धं टाकून उठला होतात. अर्धं टाकून उठलेला माणूस परत येतो, असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी वर्षभर धरून ठेवलं. आणि खोटंही त्याच्याच शेजारी ठेवलं. दोन्ही एकदम हलवायची मला भीती वाटतेय, आप्पा.

पण आत माणसं बसलीत. आपण का थांबलोय, हे त्यांना माहीत नाही. आईलाही माहीत नाही.

पाच मिनिटं राहिलीत चारला. आई मागच्या दारी तांदूळ निवडतेय, रविवारच्या खिरीचे. किसनमामांचा आवाज येतोय, ते सतरंज्या टाकून जायला आलेत. ते गेले की मी आईला इथं बोलावणार, तुमच्या खुर्चीवर बसवणार आणि सांगणार. कार्ड गेलं नव्हतं. मी अपडेट केलं. मी आप्पांशी खोटं बोलले आणि त्यांनी ते वहीत स्वतःवर घेतलं. ती काय म्हणेल, मला माहीत नाही.

तिनं ऐकून घेतल्यावरच मशीन लावीन. आधी सांगणं, मग गाडी. उलट क्रमानं नाही. तिला आपला रिवाज शिकवीन. मी मोठ्यानं म्हणेन, "शिरूर, होम सिग्नल हिरवा करतेय, गाडी आत घेतेय." ती परत म्हणेल, आणि तुमच्या रकान्यातला न खोडलेला पुढचा नंबर देईल. आकडा वाचायला चष्मा लागतो म्हणाली, तर चष्मा देईन.

सत्तेचाळीसची ती नोंद मी खोडणार नाही. तिच्याखाली माझ्या अक्षरात खरं लिहीन, आजच्या तारखेनं. रविवारी तुमच्या फोटोसमोर चौथी ओळ मी मोठ्यानं म्हणेन, आणि सगळी खोली माझ्यामागून म्हणेल. आवाज कापला तर कापू दे. थांबणार नाही.

लाईट आली, आप्पा.

माझ्याकडून नंबर एकोणीस.

तुमची,
सुजा